विज्ञानशाखेचे पहिले वर्ष : विषय कोणते घ्यावेत?



बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि मग घरात दुसरीच चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला बी.एस्सी.ला घालायचे एवढे ठरलेले असते. पण अर्जावर विषयांपुढे खुणा करायची वेळ आली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. शेजारी म्हणतात, "रसायन घे, त्यात नोकऱ्या आहेत." मामा म्हणतो, "गणिताच्या वाटेला जाऊ नकोस, टक्के घसरतात." अखेर मैत्रिणीने जे घेतले तेच आपल्या लेकीच्या अर्जावर येते. पेरणीचे बी आणताना आपण चार दुकाने हिंडतो, आणि मुलांचे विषय मात्र अर्ध्या तासात ठरवून मोकळे होतो!

आज मला तुम्हांला एवढेच सांगायचे आहे, की पहिल्या वर्षाचे विषय असे घ्यावेत, की पुढच्या वाटा बंद होणार नाहीत. अठराव्या वर्षी मुलाला सगळे ठरवता येत नाही, आणि ते यावे अशी अपेक्षाही नको. पण पुढे मन बदलले तर वळायला जागा हवी.

माझ्या माहितीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. दहावीला तिला गणितात उत्तम गुण होते. घरच्यांनी ठरवले, की मुलगी डॉक्टर होणार, तेव्हा गणिताचे ओझे कशाला? अकरावीला गणित सोडले. वैद्यकीय प्रवेश काही मिळाला नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली आणि तिला पिकांच्या रोगांवर संशोधन करावेसे वाटू लागले. तिथे पाहते तो पानोपानी संख्याशास्त्र! दहावीनंतर मिटलेली वही तिला एकविसाव्या वर्षी पुन्हा उघडावी लागली. ती शिकली, पण एक अख्खे वर्ष त्यापायी गेले. हुशारी कमी पडली नव्हती. एक दार फार लवकर लावून घेतले होते.

तुम्ही म्हणाल, झाडापानांच्या अभ्यासाला गणित कशाला? मेंडेलचे नाव शाळेत सर्वांनी ऐकलेले असते. त्याने वाटाण्याची झाडे लावली, त्यांचे संकर केले आणि दुसऱ्या पिढीतले दाणे मोजले. गोल दाणे भरले ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५०. भागाकार करून पाहा, जवळजवळ तीनास एक! १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधात हे आकडे आहेत. वाटाणे त्याच्या आधीही पुष्कळांनी लावले होते. पण याने ते मोजले, आणि मोजलेल्याचा अर्थ लावला. हा मेंडेल व्हिएन्नाच्या विद्यापीठात भौतिकशास्त्रही शिकून आला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली ते पदवीधर झाले. मुख्य विषय गणित, जोडीला भौतिकशास्त्र. पुढे लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि शेतांतले थोडे तुकडे निवडून, तेवढेच कापून, सबंध मुलखाच्या उत्पन्नाचा भरवशाचा अंदाज कसा बांधावा, या कामात त्यांनी मोठी भर घातली. गावात पीककापणीचा प्रयोग होतो तो तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पाठीशी हेच गणित आहे. गणित घेतलेला मुलगा शेतीपासून दूर गेला नाही. उलट साऱ्या देशाच्या शेतीला उपयोगी पडला.

तेव्हा जीवशास्त्राकडे ओढा असलेल्यांनी संख्याशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम मिळत असेल तर तो जरूर घ्यावा. भौतिकशास्त्र घेणाऱ्याने गणित सोडू नये. वेग आणि त्वरण यांची भाषाच मुळी अवकलनाची आहे. रसायन घेणाऱ्यालाही अभिक्रियेचा वेग काढताना तेच गणित भेटते. आणि मुख्य विषय म्हणून गणित घ्यायचे, तर बहुतेक ठिकाणी ते बारावीला असावे लागते. म्हणजे खरी निवड अकरावीतच सुरू होते, हे माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांनी वेळीच सांगायला हवे.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तिच्यात एक मुख्य विषय असतो, जोडीला एक दुय्यम विषय असतो. मुले त्यांना 'मेजर' आणि 'मायनर' म्हणतात. अभ्यास श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजतात. एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. पण २२ श्रेयांक म्हणजे आठवड्याला २२ तास, असा हिशेब धरू नका. व्याख्यानाचा एक श्रेयांक सत्रात १५ तासांचा, तर प्रयोगशाळेतला ३० तासांचा. समजा, १६ श्रेयांक व्याख्यानांचे आणि ६ प्रयोगांचे आहेत. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हे आठवड्याला १६ अधिक १२, म्हणजे २८ तास झाले. प्रात्यक्षिके पुष्कळदा दुपारी असतात. संध्याकाळची शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, हे विषय निवडण्यापूर्वी पाहा. यात हसण्यासारखे काही नाही. गाडी चुकते म्हणून प्रयोग बुडतात, आणि प्रयोग बुडाले की विषय बुडतो. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन प्रयोगशाळाही डोळ्यांनी पाहून यावी.

आणखी एक सावधगिरीची सूचना. पहिल्या सत्रात गणित घेतलेली चांगली चांगली मुले गांगरतात. बारावीपर्यंत उत्तर काढायचे असते; इथे सिद्ध करायचे असते. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश, अशी संख्यांची रांग शून्याकडे जाते, हे कोणालाही दिसते. पण प्राध्यापक म्हणतात, "सिद्ध करा." म्हणजे काय? समोरच्याने कितीही लहान संख्या सांगावी, समजा एक सहस्रांश, आणि तुम्ही दाखवून द्यावे, की हजाराव्या पदानंतरची सगळी पदे तिच्याहून लहान आहेत. त्याने दशलक्षांश सांगितला, तर तुम्ही दहा लाखावे पद दाखवायचे. ही रीत अंगवळणी पडायला महिने लागतात. तेवढ्यात पहिल्या चाचणीचे गुण पाहून विषय बदलू नका, आणि पालकहो, तुम्ही बदलायला लावू नका.

मराठीतून शिकलेल्या मुलांना इंग्रजी संज्ञा अडतात. त्यांनी एक वही करावी. डाव्या बाजूला 'डिफरन्सिएशन', उजवीकडे 'अवकलन'. डाव्या बाजूला 'इंटिग्रेशन', उजवीकडे 'समाकलन'. रोज पाच शब्द लिहिले, तरी दिवाळीपर्यंत भीती निम्मी होते. समीकरण तर दोन्ही भाषांत एकच असते.

शिक्षकबंधु-भगिनींनो, गावात अर्ज भरताना विचारायला मुलांजवळ बहुधा तुम्हीच असता. निकालाच्या आठवड्यात एक संध्याकाळ शाळेत बसा. विद्यापीठाचा अभ्यासक्रम समोर ठेवा, आणि प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारा : "हा विषय आज सोडलास, तर पुढे काय काय घेता येणार नाही?" उत्तर त्याला शोधू द्या. ते मिळाल्यावरही त्याने विषय सोडला, तर खुशाल सोडू द्या. तो त्याचा निर्णय असेल. मैत्रिणीचा, मामाचा किंवा शेजाऱ्यांचा असणार नाही.