आपल्या जीपचे ब्रेक
(डमडम येथे सभासदांसमोर केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात वक्त्याने संस्कृतीवर बोलावे असा संकेत आहे. आम्ही मात्र ब्रेकवर बोलणार आहोत. ज्या जुन्या जीपवरून आपला गणपती बागबझारच्या घाटावर जातो, तिचे मूळ रूप आम्ही का बिघडवले, अशी विचारणा काही ज्येष्ठांनी केली आहे.

मुंबईस माझगावला 1949 च्या सुमारास विलिस जीपची जुळणी सुरू झाली. आपली गाडी त्याच कुळातली. मागचा हौदा तेवढा येथील सुताराने बांधलेला. चारही चाकांना ड्रम-ब्रेक आणि त्या सर्वांना तेल पुरविणारा मास्टर सिलिंडर एकच, एका खणाचा. एका चाकापाशी गळती झाली की चारही चाके निराधार. 2023 च्या विसर्जनाला बेलगाछियाचा पूल उतरताना नेमके तेच घडले. हौद्यात मूर्ती, मूर्तीभोवती नऊ मुले, आणि पेडल तळाला टेकलेले! या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीमागील ड्रमवर तारेने चालतो, म्हणून गाडी थांबली. मुलांचा ‘मोरया’ थांबलासुद्धा नाही. आमचे हात मात्र घाटापर्यंत कापत होते.

दोष गाडीचा नव्हे, आमचा. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, आणि कलकत्त्याच्या हवेत ओलीला काय तोटा! दोन वर्षांनी बदलावयाचे तेल आम्ही सात वर्षे तसेच ठेवले. चाकावरचा सिलिंडर आतून गंजला, रबर फाटले.

पुढे डिस्क बसवा म्हणजे झाले, असे सांगणारे मल्लिकबाजारात पुष्कळ भेटले. नागेरबाजारच्या वृद्ध मिस्त्रींनी मात्र प्रथम दोन खणांचा मास्टर सिलिंडर बसविला. एका बाजूचे तेल गेले तरी दुसरी बाजू शाबूत राहते. मग पुढे डिस्क. डिस्कला ड्रमहून अधिक जोर लागतो, म्हणून बूस्टर. आणि आपले इंजिन डिझेलचे, त्यात बूस्टरला पुरेल अशी पोकळी निर्माण होत नाही, म्हणून निराळा पंप. रिकाम्या हौद्याने मागची चाके आधी अडकून गाडी गरकन फिरू नये, यासाठी मागचा दाब कमी करणारी झडप. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम ध्यानी ठेवून आधी परवानगीचा अर्ज केला, हे सांगणे सरकारी नोकरास भागच आहे.

जुने ड्रम तेल लावून मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत; ज्येष्ठांनी अवश्य पाहावेत. आणि यापुढे हौद्यात मुले बसवू नयेत, असा ठरावही आम्ही मांडीत आहोत. त्यास पहिला विरोध आमच्या घरातूनच होईल, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे.