‘हो’ म्हणणारा कोण?



अभियांत्रिकीची पदवी घेऊन सायबर सुरक्षेच्या एम.टेक.ला आलेल्या मुलांना मी पहिल्याच तासाला विचारतो, ‘इथं कशासाठी आलात?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ‘सर, हॅकिंग शिकायचंय.’ त्यात वाईट काही नाही. पण नुसतं कुलूप फोडायला शिकायचं, तर त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवायची?

मग मी त्यांच्यासमोर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण ठेवतो. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी स्विफ्ट यंत्रणेमार्फत हाँगकाँगला गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर.

हे झालं कसं? आपण कार्ड घातलं की एटीएम बँकेला विचारतं, ‘एवढे पैसे देऊ का?’ हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत जातो आणि तिथून होकार येतो. चोरांनी मध्येच तोतया स्विच उभा केला. प्रश्न मुख्य हिशेबापर्यंत पोचलाच नाही. तोतयाच ‘द्या, द्या’ म्हणत राहिला.

हा ‘हो’ म्हणणारा खरा कोण, हे ताडून पाहायचं कसं? आमचा सारा अभ्यासक्रम या एका प्रश्नाभोवती फिरतो. त्यासाठी नेटवर्क लागतं, ऑपरेटिंग सिस्टिम लागते, आणि मुलं जिथं कंटाळतात ते गणितही लागतं. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार संगणक चुटकीसरशी करतो. पण गुणाकारावरून त्या संख्या शोधायला सांगा, घाम फुटतो! १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अवघडपणावर आपली आरएसए पद्धत उभी केली. शिवाय हजारो ओळींच्या नोंदी वाचून त्यातली एक खोटी ओळ हुडकायची. चित्रपटात हे कुणी दाखवत नाही, कारण पाहायला फार नीरस असतं.

कायदाही शिकावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं गैरच. ते लबाडीनं केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘सहज बघत होतो’ हा बचाव मुलांच्या तोंडी अगदी सहज येतो, म्हणून हा तास मी लवकर घेतो.

पालक विचारतात, प्रवेश कुठं घ्यावा? गिरीनगरच्या डीआयएटीसारख्या संस्थेत एम.टेक. आहे, त्याची वाट ‘गेट’ परीक्षेतून जाते. कमी मुदतीची पदव्युत्तर पदविका हवी असेल, तर सी-डॅक आहे. बाकी जाहिराती पुष्कळ दिसतील. पैसे भरण्याआधी तिथली प्रयोगशाळा बघून या. बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेले, मुलांनी बेलाशक मोडावेत असे संगणक तिथं आहेत का, ते विचारा. आणि तिथं फक्त फळा आणि प्रोजेक्टर दिसला, तर चहा घेऊन परत या.