बंदरोबंदरी मुका होणारा फोन

(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका माजी विद्यार्थ्याने दिलेले व्याख्यान)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावर आज मला बोलावयास उभे केलेत, याबद्दल चिटणीस साहेबांचा मी ऋणी आहे. मी काही वक्ता नव्हे. उमेदीची वर्षे जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून गेली, आणि रेडिओ ऑफिसराचे काम बोलण्यापेक्षा ऐकण्याचेच अधिक. चिटणीस साहेबांनी मला ‘विज्ञानाची घोडदौड’ असा विषय सुचविला होता. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी मात्र त्या घोड्याच्या अडखळण्याविषयी बोलणार आहे. एका मुलखात घडघड बोलणारा मोबाइल फोन दुसऱ्या मुलखात पाऊल ठेवताच मुका का होत असे, आणि आजही काही अंशी का होतो, एवढाच माझा विषय.

प्रथम हा विषय माझ्या मागे कसा लागला ते सांगतो. १ फेब्रुवारी १९९९ पासून जगातील जहाजांवर उपग्रहाच्या आधाराने चालणारी नवी संकट-संदेश व्यवस्था पूर्णपणे लागू झाली, आणि मोर्सच्या टकटकाटाबरोबर आमची जागाही गेली. मी इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून दुसऱ्या जहाजावर लागलो. त्या सुमारास दुबईत एक मोबाइल फोन घेतला. दुबईत तो चालला, मुंबईत चालला, सिंगापूर, डर्बन, रॉटरडॅम, सगळीकडे चालला. घरी आईला मी मोठ्या दिमाखात सांगून ठेवले होते, की आता मी कोठेही असलो तरी जहाज बंदराला लागले की हा नंबर फिरवावा, मी हजर.

२००१ साली आमचे जहाज अमेरिकेत ह्यूस्टनला लागले. फोन उघडला तर पडद्यावर ‘सेवा नाही’. बॅटरी काढून घातली, सिमकार्ड पुसले, डेकवर जाऊन हात उंच केला, व्यर्थ. आमच्या सेकंड इंजिनिअरचा फोन मात्र शेजारीच बोलत होता. चार दिवस आम्ही तेथे होतो. नेमक्या त्याच दिवसांत आई अंगणात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि तिला रत्नागिरीला इस्पितळात नेले. ऑपरेशनच्या आधी तिला माझ्याशी एक शब्द बोलावयाचा होता. धाकटा भाऊ बूथवर बसून सारखा नंबर फिरवीत होता. मला हे कळले ते अटलांटिक ओलांडून रॉटरडॅमला फोन पुन्हा जिवंत झाल्यावर.

आई बरी झाली, पुढे चार वर्षे काठी टेकीत हिंडली-फिरली. पण माझ्याविषयीची तिची एक समजूत शेवटपर्यंत गेली नाही. ‘‘तू तेव्हा फोन बंद करून ठेवला होतास,’’ असे ती म्हणे. एकच यंत्र एका देशात ऐकते आणि दुसऱ्या देशात बहिरे होते, हे तिला पटवून देणे मला जमले नाही. कसे जमावे? ते मलाच नीट ठाऊक नव्हते! रेडिओ ऑफिसर असून ठाऊक नव्हते, याची लाज वाटली आणि मी एक वही केली. कोणत्या बंदरात कोणता फोन चालतो, हे तीत लिहू लागलो.

आता कारण पाहू. तुमच्या आजोबांच्या घरी मीडियम वेव्हचाच रेडिओ असेल तर त्यावर मुंबई लागे. सिलोन लागत नसे. त्यासाठी शॉर्ट वेव्हचा पट्टा असलेला रेडिओ पाहिजे. मोबाइल फोन हाही अखेर रेडिओच. ऐकणारा आणि बोलणारा. त्याच्या आत जेवढे पट्टे बसविलेले असतील तेवढेच त्याला ऐकू येणार. युरोपात १९८७ साली देशादेशांनी करार केला की ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा एका समाईक पद्धतीसाठी मोकळा ठेवावयाचा. ती पद्धत म्हणजे जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तीवरून पहिले संभाषण झाले. पुढे १८०० चा पट्टा जोडला गेला. आखाती देशांनी हीच पद्धत घेतली. हिंदुस्थानात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलून आरंभ केला, तोही जीएसएमवरच. म्हणून आपल्या कोकणातील माणसाने दुबई-कुवेतहून आणलेला फोन मुंबईला उतरल्याबरोबर चालत असे. त्यात आपली हुशारी काही नव्हती. दोन्हीकडे पट्टा एकच होता.

अमेरिकेत गोष्ट निराळी. तेथे १९८३ पासून ८०० च्या पट्ट्यावर जुन्या तऱ्हेचे फोन चालू होते आणि पुढे १९०० चा पट्टा लिलावाने दिला गेला. कोणती पद्धत वापरावी हे सरकारने ठरवून दिले नाही. ज्या कंपनीस जी आवडली ती तिने घेतली. कोणी जीएसएम, कोणी सीडीएमए. माझ्या फोनात ९०० आणि १८०० होते. ह्यूस्टनच्या हवेत जीएसएम होते, पण १९०० वर. सेकंड इंजिनिअरचा फोन तीन पट्ट्यांचा होता. एवढाच काय तो फरक, आणि त्या फरकापायी आईचा शब्द राहिला.

पट्टा जुळला तरी भाषा जुळावी लागते, ही दुसरी अडचण. मिरज स्टेशनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या येत. स्टेशन एकच, पण एका रुळाची गाडी दुसऱ्यावर चढत नसे. जीएसएम आणि सीडीएमए यांचे तसेच. रिलायन्सने आपल्याकडे सीडीएमए आणले आणि २००३ साली ५०१ रुपयांत फोन देऊ केला, तेव्हा ज्यांनी तो घेतला त्यांना आठवत असेल, त्यात सिमकार्ड नव्हतेच. नंबर यंत्रातच कोरलेला. जपानने तर आपली स्वतःचीच पद्धत काढली. जीएसएम तेथे कधी आलेच नाही. योकोहामाच्या पानावर माझ्या वहीत अनेक वर्षे एकच शब्द होता : ‘नाही’.

स्मार्टफोन ज्याला आपण म्हणतो तो याच कुंपणांच्या आत जन्मास आला. १९९४ च्या ऑगस्टात अमेरिकेत ‘आयबीएम सायमन’ नावाचा फोन विक्रीस निघाला. बोटाने चालणारा पडदा, पत्ते, दिनदर्शिका, फॅक्स, सर्व काही त्यात होते. वजन अर्धा किलो. परंतु तो चाले अमेरिकेच्या जुन्या जाळ्यावर, आणि तोही मोजक्या राज्यांत. सुमारे ५० हजार विकले गेले आणि संपले. १९९६ साली नोकियाने ‘९०००’ हा कळफलकाचा फोन आणला. तो फक्त ९०० च्या पट्ट्यावर बोले. अमेरिकेसाठी त्याच फोनची १९०० वर बोलणारी निराळी आवृत्ती काढावी लागली.

आता आयफोनकडे येतो, कारण मुलांना त्याचेच आकर्षण. २९ जून २००७ रोजी तो अमेरिकेत विक्रीस आला. ४ जीबीचा ४९९ डॉलरला, ८ जीबीचा ५९९ ला. गंमत अशी, की त्यात जीएसएमचे चारही पट्टे होते. रेडिओच्या दृष्टीने तो मुंबईत पहिल्या दिवसापासून चालावयास हरकत नव्हती. तरी चालला नाही, कारण त्याला कुलूप होते. एटी अँड टी या एकाच कंपनीच्या सिमवर तो उघडे. निसर्गाने घातलेली अडचण निराळी आणि माणसाने घातलेली निराळी. मला स्वतःला दुसरीचा राग अधिक येतो. ऑगस्टमध्येच न्यू जर्सीच्या एका सतरा वर्षांच्या मुलाने फोन उघडून त्यातील जोडण्या बदलल्या आणि ते कुलूप काढले. (विद्यार्थ्यांनी घरातील फोनवर हा प्रयोग करू नये!) मग कुलूप काढलेले फोन जगभर पसरले, आणि सप्टेंबरात कंपनीने नवी आज्ञावली पाठविताच त्यांतील कित्येक निकामी झाले.

या पहिल्या आयफोनात ३जी नव्हते. युरोपात लोकांना ते खटकले. जपानात आणि दक्षिण कोरियात तर तो विकताच आला नसता, कारण जीएसएमच नव्हते. जपानला पहिला आयफोन मिळाला तो ११ जुलै २००८ रोजी, ३जीचा. कोरियात मात्र तेथील नियमाप्रमाणे प्रत्येक फोनात एक देशी आज्ञावली असावी लागे. तो नियम २००९ मध्ये उठला तेव्हा वर्षअखेरीस आयफोन आला. चीनमध्ये तो ऑक्टोबर २००९ मध्ये वायफाय काढून टाकलेल्या रूपात विकला गेला. तेथील सर्वांत मोठ्या कंपनीचे ३जी जगाहून निराळे, म्हणून तिच्या ग्राहकांना २०१४ च्या जानेवारीपर्यंत थांबावे लागले.

आणि आपल्याकडे? २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन यांनी ‘आयफोन ३जी’ आणला. किंमत ३१ हजार रुपये. परंतु त्या दिवशी देशात ३जीचे जाळेच नव्हते! सरकारी कंपन्यांचे ३जी त्या वर्षाच्या अखेरीस आणि पुढल्या वर्षी सुरू झाले. खाजगी कंपन्यांना लिलावात पट्टे मिळाले ते २०१० साली. पाण्याआधी होडी विकत घेतल्यासारखे झाले. होडी मात्र सुरेख होती, हे कबूल केले पाहिजे.

३जीनेही पट्ट्यांची भानगड मिटविली नाही, उलट वाढविली. बहुतेक जगात २१००, अमेरिकेत ८५० व १९००, आणि तेथीलच टी-मोबाइल कंपनीसाठी १७०० ची जोड. गूगलने जानेवारी २०१० मध्ये ‘नेक्सस वन’ काढला तेव्हा त्याच्या ३जीच्या दोन आवृत्त्या कराव्या लागल्या, अमेरिकेतल्या अमेरिकेतच. ४जी आले आणि पुन्हा तेच. २०१२ साली ‘४जी’ लिहिलेला आयपॅड ऑस्ट्रेलियात विकला गेला. त्यातील पट्टे अमेरिकेचे, तेथील ४जी १८०० वर. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने कंपनीस न्यायालयात नेले आणि साडेबावीस लाख डॉलरचा दंड झाला. खोक्यावर जे छापावयाचे ते खरे असावे, एवढाच मुद्दा होता.

हे दंड वगैरे मोठ्यांचे झाले. आपल्या वाडीतील एक गोष्ट सांगतो; नाव सांगत नाही. २०११ साली एका खलाशाने अमेरिकेच्या बंदरात मुलीसाठी फोन घेतला. मुलगी बारावीत, पुढच्या प्रवेशाचे अर्ज, याद्या, सर्व काही त्यावर पाहता येईल म्हणून पदरमोड केलेली. घरी आल्यावर सिमकार्ड घालावयास सगळ्यांनी खाच शोधली. खाच नव्हतीच. फोन अमेरिकेतील सीडीएमए कंपनीचा. तो मनुष्य माझ्याकडे आला, फोन रुमालात बांधलेला. त्याला ‘हा येथे कधीही बोलणार नाही’ असे सांगणे मला आईला समजावण्याइतकेच कठीण गेले. मुलीने तो वायफायवर चालविला. आमच्या भागात तेव्हा वायफाय कितीसे होते ते तुम्ही जाणताच.

आता बरेच सुधारले आहे. आजच्या चांगल्या फोनात इतके पट्टे असतात की माझ्या जुन्या वहीची दोन पाने एका फोनाने भरतील. तरी डोळे मिटून घेऊ नका. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते केवळ ४जीवर. ज्या फोनात ४जीवरून बोलण्याची सोय नव्हती त्यात इंटरनेट चाले, पण साधे संभाषण करावयास निराळे ॲप घ्यावे लागे. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे ५जीचे उद्घाटन झाले, तेव्हा आयफोनांत पट्टा असूनही ५जी चालेना. डिसेंबरात नवी आज्ञावली आल्यावर चालले. आणि त्याच वर्षीपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनात सिमकार्डाची खाचच ठेवलेली नाही. सर्व काम ई-सिमवर. रुमालात बांधलेला तो फोन मला पुन्हा आठवला.

म्हणून कोणी नातेवाईक परदेशातून ‘फोन आणू का’ विचारील, तेव्हा रंग आणि कॅमेरा यांच्या आधी मॉडेलचा पूर्ण क्रमांक विचारा. नाव एकच असले तरी क्रमांक देशागणिक बदलतो, आणि पट्टे त्या क्रमांकावरून कळतात. फोन कुलूपबंद आहे की मोकळा, तेही दुकानात उभे असतानाच विचारावयास सांगा. घरी आल्यावर विचारून उपयोग नाही. खाच आहे की ई-सिम, आणि आपली कंपनी ते देते का, हे तुम्ही येथे पाहून ठेवा.

माझी ती वही मी पदार्थविज्ञानाच्या सरांकडे दिली आहे. सत्तावन्न बंदरे आहेत तीत. ह्यूस्टनच्या पानावर आईच्या ऑपरेशनची तारीख लिहिलेली आहे. ती कोणत्या पट्ट्याची आहे असे मुलांनी विचारले तर सरांनी सांगावे.