भक्तीची कविता आणि साधा वाचक



भक्तीची कविता साध्या माणसाच्या हृदयाला कशी भिडते, हे पाहायचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे (१८६१–१९१९) वळावे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेव्हा मराठी प्रार्थनामंदिरांत भाषांतरित गीते पाश्चात्त्य चालींवर गात असत. शब्द मराठी, पण ठेका परका! खेड्यातल्या माणसाच्या तोंडी ती रुळावीत कशी? टिळकांनी अभंग आणि ओवी हाती घेतली. तुकोबांचे ऋण ते मोकळेपणी मानीत.

मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ आणि ४ अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. लघुगुरूंचा हिशेब नाही. म्हणूनच तो निरक्षरालाही सहज पाठ होतो. श्रद्धा नवी, पण सूर आईच्या ओवीतला. टिळकांची गीते घरोघर पोचली ती यामुळे.

मात्र केवळ छंद साधून भागत नाही. ‘देव दयाळू आहे’ असे सांगणारा उपदेशक होतो. ती दया आपल्या दारी कशी आली, किंवा का आली नाही, हे सांगणारा वाचकाचा सोबती होतो. तुकोबा विठ्ठलाशी भांडले. जनाबाईने त्याला जात्याशी बसवले.

भक्तिकविता लिहू पाहणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे, की आपली ओळ एखाद्या कष्टकऱ्याला म्हणून दाखवा. काम करता करता तो ती गुणगुणू लागला, तर ती साधली. नाही तर पुन्हा लिहा.