पॅनेलमधील तांबे
(वार्षिक सभेतील भाषण)



पितळी भांड्यांसाठी ख्यातकीर्त असलेल्या भंडाऱ्याला तांबे नवे नाही. परंतु रुग्णालयाच्या विद्युत पॅनेलमधील तांबे सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तेथील तांब्याच्या जाड पट्ट्या, म्हणजेच बसबार, आलेली वीज प्रत्येक कक्षाकडे वाटून देतात. बंदिस्त, कोरड्या पॅनेलमध्ये उघडी पट्टी चालते. दमट जागी भांड्यांप्रमाणेच कथिलाची कल्हई केलेली घेतात. जागा अपुरी असल्यास विद्युतरोधक आवरणाची. आणि थरथरणाऱ्या जनरेटरच्या जोडणीस पातळ पत्र्यांची लवचीक पट्टी.

पट्टी कोणतीही असो, धोका सांध्यात असतो. बोल्ट सैल झाला की सांधा तापतो. प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत १० बालके दगावली. ती आग बसबारमुळे लागली असे सुचवावयाचे नाही. परंतु त्यानंतर वीजव्यवस्थेस दुय्यम लेखण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयास उरलेला नाही.

यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, सांध्यावर नाही. तरीही सांध्यांच्या वार्षिक तपासणीसाठी स्वतंत्र निधी असावा, ही नम्र विनंती.