जायबंदी कामगार आणि कायद्याचें साहाय्य

यंत्रांत हात सांपडून बोटें गेलेल्या मजुरानें भरपाई मागावयाची, तर अपघातांत मालकाची चूक होती हें त्यानें सिद्ध केलें पाहिजे, असा एके काळीं दंडक होता. इंग्लंडमधील न्यायालयानें 1837 सालीं त्यांत आणखी भर घातली: सोबतच्या कामगाराच्या हातून चूक घडली, तर मालक जबाबदार नाहीं. धोका ठाऊक असूनहि काम पत्करलें, हें उत्तर तर तयारच असे. आणि साक्षीस उभें राहावयाचें तें त्याच कारखान्यांतील सोबत्यांनीं, म्हणजे त्याच मालकाचें मीठ खाणारांनीं!

हिंदुस्थानांत 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1 जुलै 1924 पासून अमलांत आला, आणि त्यानें प्रश्नच बदलला. चूक कोणाची हें न पाहतां, इजा कामामुळें आणि काम चालूं असतांना झाली काय, एवढेंच पाहावयाचें ठरलें. नशेंत असणें किंवा सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडणें हे अपवाद राहिले. मृत्यु ओढवल्यास तेहि पुढें गैरलागू ठरले.

इजेचें मोल ठरविण्यास एक परिशिष्ट होतें. अंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा 30 नें, तर्जनी गेल्यास 14 नें घटली असें त्यांत धरीत. हा हिशेब वाचतांना अंगावर कांटा येतो खरा. परंतु त्यामुळें घासाघीस टळे. मात्र माणसाची विद्या कोणत्या अवयवांत आहे, हें परिशिष्टास कळत नाहीं. ओरिसांतील एका चित्रपटगृहांत 1968 सालीं नक्षीकाम करीत असतां एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एका हातानें सुतारकी होत नाहीं, तेव्हां हें अपंगत्व पूर्णच होय, असें आयुक्तांनीं ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें 1975 सालीं तेंच कायम केलें. भरपाईचें देणें अपघाताच्या दिवसापासूनच लागू होतें, असेंहि न्यायालय म्हणालें.

त्या कायद्याची जागा आतां 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलांत आली. राज्य विमा योजनेंतील कामगारास लाभ विमा महामंडळाकडून मिळतात, इतरांस मालकाकडून. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक, हें जुनें तत्त्व तिच्यांतहि आहे. तरीहि रुग्णालयाच्या खाटेशीं थोडी रक्कम हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतला, कीं सारें संपलें, अशी त्या घरची समजूत होते.

येथें वकील हवा, आणि तो विनामूल्य मिळूं शकतो. 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलांत असलेल्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें औद्योगिक कामगार व अपंग व्यक्ति यांस, त्यांची मिळकत न पाहतां, हा हक्क दिला आहे. वकिलाची फी आणि न्यायालयाचा खर्च त्यांत येतो. अर्ज जिल्हा न्यायालयांतील प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करावयाचा. ही भीक नव्हे. ज्या इजेनें रोजगार नेला, तीच इजा कायद्याच्या व्याख्येंत बसल्यास ह्या दाराची किल्ली होते.

अडचण येते ती पुराव्याची. इमारतीचें काम संपलें कीं ठेकेदार दुसऱ्या गांवीं जातो, हजेरीचें पुस्तकहि त्याच्याबरोबर जातें. अशा वेळीं ज्या मूळ धन्यानें आपल्या धंद्याचें काम ठेक्यानें दिलें, त्याजकडेहि मागणी करतां येते; परंतु त्याचें नांव, अपघाताची तारीख आणि रुग्णालयाचे कागद मजुरानें गांवाकडची गाडी धरण्यापूर्वींच कोणीतरी लिहून, जपून ठेविलेले असावे लागतात.