पुण्यातली जुनी चर्चे



कोपनहेगन, स्टॉकहोम पाहून आलेली मंडळी तिथल्या जुन्या चर्चांचे वर्णन करू लागली, की आम्ही मान डोलावतो. मध्यंतरी एकाने सहज विचारले, "आणि पुण्यातली?" आम्ही गप्प बसलो. पुढच्याच रविवारी चौघे-पाचजण विश्रांतवाडीहून निघालो.

क्वार्टर गेटपाशी आहे ते सिटी चर्च. चर्च म्हटले की ते इंग्रजानेच बांधले, असे आपण धरून चालतो. पण ही जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, १७९२ साली! पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. आजची इमारत नंतरची. जागा मात्र शनिवारवाड्याची देणगी.

इंग्रजांचे चर्च मागाहून आले. खडकीची लढाई १८१७ची. कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चचा अर्पणविधी बिशप हेबर यांनी केला तो १८२५ साली. भिंतींवर साहेबांच्या स्मरणार्थ पाट्या आहेत. दूर देशी येऊन मेलेल्यांची ती नावे वाचताना, शत्रुपक्षाची असूनही, मन चरकतेच.

पण आमचे पाय अडखळले ते गुरुवार पेठेत, पंचहौदच्या दाराशी. हे १८८५चे चर्च. घंटांचा उंच मनोरा वेगळा उभा. आत उपासना चालली होती ती चक्क मराठीत, आपल्याच पेठेतल्या बोलीत. अडखळण्याचे कारण निराळे. याच मिशनच्या आवारात १८९०च्या ऑक्टोबरात टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा प्याले, कोणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी सर्वांची नावे 'पुणेवैभवा'त छापवली आणि शहर पेटले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले, आणि मग सुधारकच त्यांच्यावर रुसले. एका कपापायी घरोघर पंक्ती मोडल्या, लेकीबाळींची माहेरे तुटायची वेळ आली.

उपासना संपल्यावर एक गृहस्थ आमच्यापाशी आले. म्हणाले, "चहा घेऊन जा."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्यातले सर्वांत वडील गृहस्थ, ज्यांच्या घरी त्या बहिष्काराची आठवण अजून निघते, ते म्हणाले, "दोन कप द्या. एक आमच्या आजोबांच्या वाटचा."

दोन्ही कप त्यांनीच संपवले. साखर, खरे सांगायचे तर, अंमळ जास्तच होती.